स्मृती की आसक्ती?

मनुष्याच्या मनाचा एक स्वभाव असा आहे की, वस्तू हाताशी असते तोपर्यंत तिचे मोल त्याला फारसे वाटत नाही. ती नाहीशी झाली म्हणजे मात्र तिच्यावाचून सुने वाटू लागते. घरातले जाते, अंगणातली विहीर, गावच्या वेशीवरली टपालपेटी यांच्याविषयी वडीलधाऱ्या मंडळींच्या बोलण्यात आज जे प्रेम ओसंडते, ते त्या वस्तू वापरात असताना त्यांच्या वाट्याला आले होते असे नाही. पहाटे उठून पायलीभर दळणाऱ्या सासुरवाशिणीला जाते काही गोड वाटत नव्हते. ते फिरणे थांबले, माळ्यावर गेले, आणि मग त्याची घरघर कानाला मधुर वाटू लागली.

ही जी गेलेल्या वस्तूंविषयीची हुरहूर, ती नेमकी काय आहे? तो मनाचा सद्भाव म्हणावा की मोह म्हणावा? ती जोपासावी की आवरावी? प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. ज्या मनाने गृहस्थ गेलेल्या वस्तूंचा विचार करतो, त्याच मनाने त्याला जवळ असलेल्या माणसांचाही विचार करावयाचा असतो. आणि एका बाजूला मन गुंतले की दुसऱ्या बाजूस ते उणे पडते, हा सर्वांच्या अनुभवाचा विषय आहे.

प्रश्न स्पष्ट व्हावा म्हणून एक दृष्टान्त घेऊ. त्यातील माणसे कल्पित आहेत. प्रसंग मात्र घरोघरीचा आहे.

वर्ध्याकडचा एक तरुण तीस-पस्तीस वर्षांपूर्वी जबलपुरास सरकारी कारखान्यात नोकरीला लागला. तोफगाड्यांच्या आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांमुळे त्या शहरात बाहेरगावची माणसे पिढ्यान् पिढ्या येत आली आहेत. शिवाय १९५६ पर्यंत जबलपूर आणि नागपूर-विदर्भ हे एकाच राज्यात असल्याने मराठी घरे तेथे नवी नाहीत. रविवारी हा तरुण भेडाघाटास जाई. नर्मदेत स्नान करावे, धुवांधारचे तुषार अंगावर घ्यावे, चौसष्ट योगिनींच्या पायऱ्या चढून गौरीशंकराचे दर्शन घ्यावे, आणि परतताना रस्त्याकडेच्या टेलिफोनच्या टपरीवरून घरी बोलावे, असा त्याचा नेम होता. पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत ‘एस.टी.डी., पी.सी.ओ.’ असे लिहिलेली ती टपरी. घरी टेलिफोन नव्हता. शेजारच्या वकिलांचा नंबर दिलेला होता. पहिल्या खेपेस एवढेच सांगावयाचे, “आईला बोलावता का? पाच मिनिटांनी पुन्हा करतो.” मग बाकावर बसून पाच मिनिटे मोजावयाची. तिकडे वकिलांचा मुलगा धावत जाई, इकडे आई ओले हात पदराला पुसत येई. यंत्रावरचे तांबडे आकडे पळू लागत, आणि दोन-तीन मिनिटांत आईचे शेवटचे वाक्य ठरलेले असे : “ठेव आता, पैसे पडत असतील.”

पुढे बदली झाली, संसार झाला. तो आता नागपुरास स्थायिक आहे. आई ऐंशी ओलांडून वर्ध्यासच, थोरल्या भावाकडे. कार्तिकी पौर्णिमेच्या मेळ्याला तो पत्नी व मुलगा यांना घेऊन भेडाघाटास आला, तेव्हा त्याने प्रथम ती टपरी शोधली. ती नव्हती. त्या जागी संगमरवरी मूर्तींचे आणि खेळण्यांचे दुकान होते. तो बराच वेळ तेथे उभा राहिला. मुलाला म्हणाला, “येथून मी तुझ्या आजीशी बोलत असे.” बोलताना त्याचे डोळे भरून आले.

तेवढ्यात त्याच्या खिशातला मोबाईल वाजला. त्याने काढून पाहिला आणि बंद करून पुन्हा खिशात ठेवला.

पत्नी म्हणाली, “अहो, आईंचा फोन होता ना?”

“हो. घरी पोचल्यावर करीन. या गर्दीत काय बोलणार?”

आणि तो मुलाला टपरीची हकीकत पुढे सांगू लागला.

येथे वाचकांनी क्षणभर थांबावे. हा गृहस्थ वाईट नव्हे, आणि त्याचे अश्रू खोटे नव्हते. तरीसुद्धा जी वस्तू आईचा आवाज आणून देत असे म्हणून त्याला प्रिय झाली होती, तिच्यासाठी तो रडत होता, आणि प्रत्यक्ष आईचा आवाज मात्र त्याने नंतरसाठी ठेवून दिला. साधनाची आठवण राहिली आणि साध्य दाराशी आलेले परत गेले. मनुष्याचे मन असे का वागते, हाच विचाराचा विषय आहे.

हा मोह एकट्यादुकट्याचा नाही, एका देशाचाही नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात मोहावी नावाचे वाळवंट आहे. तेथे १९४८ साली, दोन कच्च्या वाटा जेथे एकमेकींना छेदतात अशा निर्जन जागी, एक टेलिफोनची कोठडी उभी करण्यात आली. जवळचा पक्का रस्ता बारा-तेरा किलोमीटरांवर. ज्वालामुखीतून पडलेली खडी खणून काढणाऱ्या मजुरांची आणि आसपास विरळ राहणाऱ्या लोकांची सोय व्हावी, एवढाच हेतू होता. पन्नास वर्षे तिच्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. १९९७ च्या सुमारास मात्र इंटरनेटमुळे तिचा क्रमांक सर्वत्र पसरला, आणि कोठकोठल्या देशांतून लोक तो क्रमांक फिरवू लागले. ओसाड रानात घंटा वाजत राही. बहुतेक वेळा कोणी उचलीत नसे. पण कधीतरी एखादा वाटसरू उचली, आणि दोन अनोळखी माणसांचे बोलणे सुरू होई. पुढे पुढे लोक केवळ ती घंटा ऐकून उत्तर द्यावे म्हणून तेथे मुक्काम करू लागले. एका माणसाने तेथे बत्तीस दिवस राहून पाचशेंहून अधिक लोकांना उत्तर दिले, असे त्या वेळच्या वृत्तपत्रांनी लिहिले आहे.

तो प्रदेश संरक्षित राष्ट्रीय वनभूमी ठरला होता. येणाऱ्यांच्या गर्दीने त्या भूमीला उपद्रव होऊ लागला, म्हणून १७ मे २००० रोजी ती कोठडी काढून टाकण्यात आली. मग एखाद्या माणसाच्या समाधीवर बसवावा तसा तेथे लोकांनी स्मृतिलेख बसविला. तोही अधिकाऱ्यांनी हलविला. २०१३ साली कोणा एका हौशी माणसाने तोच क्रमांक खटपट करून पुन्हा चालू करविला. त्या कोठडीसाठी हळहळणाऱ्यांपैकी असंख्य लोकांनी ती डोळ्यांनी कधी पाहिलीही नव्हती.

मग ते कशासाठी हळहळत होते? पत्र्यासाठी आणि तारेसाठी खास नव्हे. एवढ्या मोठ्या निर्जनात हाक घातली असता कोणीतरी ‘ओ’ देते, आणि तो ‘ओ’ देणारा आपल्याकडून काही मिळेल या आशेने तेथे बसलेला नाही, हा विश्वास त्यांना त्या कोठडीने दिला होता. त्यांच्या शहरांत लाखो टेलिफोन होते. न्यून होते ते ऐकून घेणाऱ्या माणसाचे.

आपल्या देशातील टपऱ्यांचीही गोष्ट हीच आहे. मधल्या केंद्रात न थांबता थेट दूरच्या गावी बोलण्याची सोय भारतात १९६० साली कानपूर आणि लखनौ या शहरांच्या दरम्यान प्रथम झाली. त्यापूर्वी, आणि त्यानंतरही कित्येक वर्षे, ट्रंक कॉल नोंदवून तासन् तास वाट पाहावी लागे. १९८० नंतरच्या दशकात गल्लोगल्ली सार्वजनिक टेलिफोनच्या टपऱ्या झाल्या. त्या चालविण्याचे परवाने देताना अपंग, विधवा आणि माजी सैनिक यांना प्राधान्य असे, आणि एकेका टपरीवर एकेक घर उभे राहिले. रात्री उशिरा दर उतरत, म्हणून तेव्हा तेथे रांग लागे. परगावी शिकणारी मुले, नवी लग्न झालेली मुलगी, कारखान्यातला मजूर असे सर्व एका बाकावर बसत, आणि आतल्या माणसाचे बोलणे ऐकू आले तरी न ऐकल्यासारखे करीत. ३१ जुलै १९९५ रोजी भारतात मोबाईलवरून पहिले संभाषण झाले. पुढील वीस वर्षांत टपऱ्या ओसरल्या. जुलै २०१३ मध्ये तारसेवाही बंद झाली, आणि तिच्या अखेरच्या दिवशी तार करण्यासाठी लोकांनी गर्दी केली. त्यांपैकी अनेकांनी त्यापूर्वी वर्षानुवर्षे, किंवा जन्मात कधी, एकही तार केलेली नव्हती.

टपरी का गेली, हे नीट पाहिले तर भेडाघाटास येणाऱ्या यात्रेकरूस त्याचे उत्तर समोरच दिसते. हिवाळ्यात धुवांधारचे रूप काय वर्णावे! संथ वाहणारी नर्मदा एकाएकी कड्यावरून खाली झेप घेते, पाण्याचा धूर होतो, आणि त्या धुराला उन्हात इंद्रधनुष्य लागते. परंतु पावसाळ्यात नदीला महापूर आला असता तोच यात्रेकरू तेथे गेला, तर त्याला धुवांधार दिसत नाही. खालचे पात्र चढून वरच्या पात्राला मिळते, कडा पाण्याखाली जातो, आणि धबधबा नाहीसा होतो. तो पाणी आटल्यामुळे गेलेला नसतो. पाणी अतोनात वाढल्यामुळे गेलेला असतो.

तसेच टेलिफोनच्या टपरीचे झाले. बोलणे आटले म्हणून ती गेली नाही. बोलण्याचा महापूर आला, देशात शंभर कोटींहून अधिक मोबाईल झाले, आणि त्या पुराखाली तिचा लहानसा कडा बुडाला. वास्तविक हा आनंदाचा विषय आहे. ज्या आईला शेजाऱ्याच्या दारात उभे राहून तीन मिनिटांत आठवड्याचे सुखदुःख सांगावे लागे, ती आज आपल्या अंथरुणावरून हवे तेव्हा लेकाला हाक मारू शकते. जुन्या काळाची गोडी गाणाऱ्याने त्या काळची कडू बाजू विसरू नये. रात्री शेजाऱ्याकडे टेलिफोन वाजला की साऱ्या वाड्याच्या छातीत धस्स होई. तारवाला दारात दिसला की बायका आधी रडू लागत आणि मग तार वाचली जाई. किती मुले आईबापांच्या अखेरच्या भेटीला मुकली, ती केवळ निरोप वेळेवर पोचला नाही म्हणून.

पण पुराच्या पाण्याचा एक दोष असतो, तोही सांगितला पाहिजे. ते पुष्कळ असते, परंतु गढूळ असते, आणि त्यात पात्राची खोली कळत नाही. तीन मिनिटे मोजून मिळत तेव्हा मनुष्य त्या तीन मिनिटांत सारे मन ओतीत असे. आठवडाभर ‘हे सांगावयाचे आहे’ म्हणून तो जपून ठेवी. आता वेळेला मोल राहिले नाही, म्हणून ‘नंतर बोलू’ हा शब्द सोपा झाला. याचा अर्थ टपरी परत आणावी असा नाही. जी एकाग्रता पूर्वी पैशांच्या धाकाने साधत होती, ती आता प्रेमाने आणि विवेकाने साधावयाची आहे, एवढाच त्याचा अर्थ आहे. बाहेरचे बंधन गेले म्हणजे आतला संयम वाढवावा लागतो. नाहीतर सोय हीच गैरसोय होते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. श्रीमद्भगवद्गीतेत ‘स्मृती’ या शब्दाची दोन ठिकाणे फार विचार करण्यासारखी आहेत. दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी अधःपाताच्या पायऱ्या सांगितल्या आहेत. विषयांचे चिंतन करता करता त्यांच्याविषयी संग जडतो; संगातून इच्छा, इच्छेतून क्रोध, क्रोधातून मूढता उत्पन्न होते; त्या मूढतेत स्मृती भ्रष्ट होते, आणि स्मृती गेली की बुद्धी जाते. दुसरे ठिकाण अठराव्या अध्यायाच्या शेवटी आहे. सर्व उपदेश ऐकून अर्जुन म्हणतो की, मोह गेला, स्मृती परत मिळाली. आणि लगेच पुढे सांगतो की, आता तुमचे सांगणे मी करीन.

या दोन स्थळांत एक मोठा भेद दडलेला आहे. विषयाचे चिंतन आणि स्मृती या दोन वेगळ्या वस्तू आहेत. किंबहुना पहिलीच्या पोटी दुसरीचा नाश आहे. मनुष्य गेलेल्या गोष्टीचे चिंतन करीत बसतो तेव्हा त्याला वाटते की, आपली स्मृती फार तीव्र आहे. प्रत्यक्षात तो विसरत चाललेला असतो. आपल्या दृष्टान्तातील गृहस्थाला टपरीच्या पाटीचा रंग आठवला, यंत्रावरचे आकडे आठवले. त्या टपरीवर तो कशासाठी जात होता, हे मात्र त्या क्षणी आठवले नाही. आणि खऱ्या स्मृतीची खूण अर्जुनाच्या उत्तरात आहे. स्मृती परत येताच तो उठून कर्तव्याला लागतो. जी आठवण मनुष्याला कर्तव्यापर्यंत नेऊन पोचवते ती स्मृती. जी त्याला जागच्या जागी बसवून ठेवते आणि बसण्यातच गोडी लावते ती आसक्ती, मग तिला कितीही सुंदर नाव दिले तरी.

गुणभेदाने पाहिले तर गेलेल्या वस्तूंच्या आठवणी तीन प्रकारच्या दिसतात. तामस आठवण वर्तमानाला शिव्या देते. ‘तेव्हा माणसे चांगली होती, आता कोणी कोणाचे राहिले नाही,’ असे ती म्हणते, आणि म्हणणारा स्वतः कोणाचा राहिला आहे का, हे विचारीत नाही. तिला जुन्या काळाचे दुःख दिसत नाही आणि नव्याचे सुख सोसत नाही. राजस आठवणीला वस्तू पुन्हा हातात हवी असते. जुनी यंत्रे गोळा करावी, त्यांच्याशेजारी उभे राहून छायाचित्रे काढावी, दहा जणांना दाखवावी, याकडे तिचा ओढा असतो. तिच्यात उत्साह असतो, पण तो ‘माझी आठवण’ या ममत्वाभोवती फिरतो. आणि मोहावीत झाले तसे, प्रेम करणाऱ्यांच्या गर्दीनेच प्रिय वस्तूचा शेवट ओढवतो. सात्त्विक आठवण मात्र वस्तूपाशी थांबत नाही. या वस्तूच्या द्वारे आपल्याला कोणी काय दिले, हे ती शोधते, आणि तेच आज आपल्याला कोणाला देता येईल, असे विचारते.

येथे कोणी शंका घेईल की, मग गेलेल्यासाठी रडूच नये काय? आठवणीने डोळे भरून येणे हाही दोष काय? तसे मुळीच नाही. जपानमध्ये ओत्सुची नावाच्या समुद्रकाठच्या गावात एका गृहस्थाने २०१० साली, आपला चुलत भाऊ वारल्याच्या दुःखात, आपल्या बागेत टेलिफोनची एक कोठडी उभी केली. तिच्यातील टेलिफोनला तार जोडलेली नाही. पुढच्याच वर्षी, २०११ च्या मार्चमध्ये, प्रचंड सागरी लाटेने त्या गावाची फार मोठी हानी केली. तेव्हापासून आपली माणसे गमावलेले लोक तेथे येतात, टेलिफोन उचलून त्यांच्याशी बोलतात आणि परत जातात. त्यांना ठाऊक असते की, पलीकडे कोणी ऐकत नाही. पण मन मोकळे होते, आणि मागे राहिलेल्या माणसांत परतून जगण्याचे बळ येते. दुःख असे वाहून गेले तर ते शुद्ध करते. साचून राहिले तर मात्र त्याचे डबके होते.

दुसरी एक सावधगिरी याहूनही महत्त्वाची आहे. नर्मदेवर जबलपूरच्या वर बरगीचे धरण झाले, खाली गुजरातेत सरदार सरोवर झाले. त्यांच्या पाण्याखाली ज्यांची घरे, शेते आणि देवळे गेली, त्यांच्या आठवणीला आसक्ती म्हणून नावे ठेवणे हा अधर्म होईल. ज्याचे पोट आणि पाळेमुळे गेली, त्याचे दुःख हा हक्काचा प्रश्न आहे. तेथे वैराग्याचा उपदेश करण्यापेक्षा त्याच्या न्यायासाठी झटणे हे इतरांचे कर्तव्य आहे. ज्याला वस्तूच्या जागी अधिक सोयीची वस्तू मिळाली आहे आणि तरीही जो उसासे टाकतो, त्याने स्वतःला विचारावयाचा हा प्रश्न आहे. विवेकाचे शस्त्र स्वतःवर चालवावयाचे असते, दुःखितावर नव्हे.

तिसरी शंका अशी येईल की, जुन्या वस्तू जपण्यात मग काहीच अर्थ नाही काय? अर्थ आहे, पात्र जपले तर आतले पाणी टिकावयास साहाय्य होते. परंतु पात्र गेले तरी पाणी राहू शकते, आणि याचे उदाहरण भेडाघाटानेच दाखविले आहे. इसवी सन ११५५ मध्ये कलचुरी घराण्यातील राणी अल्हणदेवी हिने येथे शिवमंदिर, मठ आणि विद्याभ्यासासाठी व्याख्यानशाळा बांधली, आणि त्यांच्या खर्चासाठी उत्पन्नाची तजवीज केली. हे सर्व एका संस्कृत शिलालेखात कोरून ठेवले होते. एकोणिसाव्या शतकात ती शिळाही येथून उचलली गेली आणि सातासमुद्रापार, अमेरिकेत न्यू हेवन येथील एका विद्वत्सभेच्या संग्रहात जाऊन पडली. आज भेडाघाटास जाणाऱ्याला ती व्याख्यानशाळा चालताना दिसत नाही. तो मठ कोठे होता, हेही सामान्य यात्रेकरूला ठाऊक नसते.

मग राणीचे दान संपले काय? राणीचा हेतू होता की, नर्मदातीरी येणारा साधक उपाशी राहू नये आणि निराधार राहू नये. नर्मदेची परिक्रमा करणारे लोक, आणि त्यांत महाराष्ट्रातून जाणारे असंख्य आहेत, अमरकंटकापासून समुद्रापर्यंत दोन्ही तीर पायी चालतात. झोळीत फारसे काही नसते. संध्याकाळी एखाद्या खेड्यात पोचून “नर्मदे हर” म्हणावे, आणि आतून कोणीतरी बाहेर येऊन पाणी द्यावे, शिधा द्यावा, ओसरीवर जागा द्यावी, ही रीत आजही चालू आहे. देणाऱ्यांतील बहुतेकांनी अल्हणदेवीचे नावही ऐकलेले नसेल. धरणांच्या जलाशयांखाली काठच्या कित्येक वाटा गेल्या. परिक्रमेची वाट दूरवरून वळली. जेथे नवी वाट आली तेथे नवे हात पुढे झाले. शिळा परदेशी गेली, पण ज्यासाठी ती कोरली होती ते काम उघड्या हातांनी चालू राहिले. स्मृती यालाच म्हणावे.

आणि ती “नर्मदे हर” ही हाक काय आहे? अनोळखी माणसाने अनोळखी दारात घातलेली ती साद आहे, आणि तिला ‘ओ’ देणारा कोणी भेटतो. मोहावीच्या वाळवंटात ज्यासाठी लोक शेकडो कोस गेले, ते या तीरावर खेड्यातली अर्धशिक्षित गृहिणी रोज संध्याकाळी सहज करते. तिला कोठडी लागत नाही.

तेव्हा गेलेल्या वस्तूची हुरहूर मनात दाटून आली म्हणजे गृहस्थाने स्वतःला तीन प्रश्न विचारावे. पहिला, या वस्तूच्या मागे कोणती माणसे होती? टपरीच्या मागे आई होती, हे तर खरेच. पण बोलावणे घेऊन धावत जाणारा वकिलांचा मुलगा होता, जेवणाच्या वेळी दुसऱ्याच्या घरी टेलिफोन आला तरी कपाळाला आठी न घालणारी वकिलांची पत्नी होती, आणि ‘सुटे नसले तर पुढच्या रविवारी द्या’ म्हणणारा टपरीवाला होता. दुसरा प्रश्न, त्यांपैकी आज कोण आहे, आणि त्याची विचारपूस शेवटची कधी केली? तिसरा, त्यांनी जे दिले ते आज कोणाला हवे आहे? शेजारच्या आजोबांना मोबाईलवर आलेला निरोप वाचता येत नाही. स्थानकावर एखाद्या मुलीचा मोबाईल बंद पडला आहे आणि तिला घरी कळवावयाचे आहे. चुकून आपल्याला लागलेल्या फोनवर एखादा म्हातारा गोंधळून ‘कोण बोलतंय?’ म्हणून विचारीत आहे. त्यांना दोन मिनिटे देणे म्हणजे वकिलांच्या मुलाने धावत जाण्यासारखेच आहे. टपरी गेली असली तरी तो धावणारा मुलगा होण्याची संधी कोणी काढून नेलेली नाही.

या तीन प्रश्नांनी हुरहूर मरत नाही. तिला वाट मिळते. कड्याशी अडलेले पाणी फेसाळते आणि वाट मिळताच वाहू लागते, तसे मन हलके होते.

दृष्टान्तातील गृहस्थ त्या दिवशी संध्याकाळी घाटाच्या पायरीवर बसला होता. मेळ्याचे दिवे पाण्यावर तरंगत होते, पूर्ण चंद्र संगमरवराच्या कड्यांवर आला होता. मुलाने सहज विचारले, “बाबा, तेव्हा तुम्ही आजीशी काय बोलायचात?” तो सांगू लागला आणि मध्येच थांबला. सांगण्यासारखे फारसे काही नव्हते. जेवलास का, थंडी आहे का, कधी येतोस, एवढेच. त्याने खिशातून मोबाईल काढला.

“आई, दुपारी तुझा फोन आला होता.”

“अरे, काही नाही. सहज केला होता. कुठे आहेस?”

“भेडाघाटाला.”

पलीकडे थोडा वेळ काही ऐकू आले नाही. मग आई म्हणाली, “वकिलांचा बाळू बोलवायला यायचा. पायात चप्पल नसायची त्याच्या. आता मोठा साहेब झालाय म्हणतात.” थोडे थांबून ती पुन्हा म्हणाली, “बरं, ठेव आता. पैसे पडत असतील.”

“नाही आई, आता पैसे पडत नाहीत. तू बोल.”

त्या रात्री ती पाऊण तास बोलली. त्याने बहुतेक ऐकूनच घेतले. टपरी गेल्याचे दुःख त्याला पुन्हा आठवले नाही, आणि टपरीचे ऋण मात्र त्याच वेळी फिटू लागले. ज्या वस्तू काळाने नेल्या त्यांना नमस्कार करावा आणि त्यांनी शिकविलेले कर्तव्य मागे ठेवून घ्यावे. ज्यांचा आवाज ऐकण्यासाठी कधी काळी रांगेत उभे राहावे लागले, ती माणसे अजून हाक मारीत आहेत तोवर प्रत्येकाने त्या हाकेला ‘ओ’ द्यावी.